देवाजवळ राहणे

वाचण्याचा भाग : स्तोत्र ७३, याकोबाचे पत्र, अध्याय ४, ओवी ८



पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात वरकुटे या नावाची दोन गावे आहेत. एक वरकुटे बुद्रुक व दुसरे वरकुटे खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. सरकारी दप्तरास हा भेद अवश्य असेल. परंतु देवाच्या दप्तरात थोरली मंडळी व धाकटी मंडळी असा भेद नाही. शहरातील ख्रिस्तमंदिरात शेकडो लोक उपासनेस जमतात, आणि खेड्यात एखाद्या घराच्या ओसरीवर दोन-तीन कुटुंबे बसून प्रार्थना करितात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने आपल्या सान्निध्याचे जे अभिवचन दिले, ते दोघांतिघांच्या मेळाव्यास दिले आहे. म्हणून आमची मंडळी लहान, आमचे गाव आडबाजूस, पाळकसाहेबांची फेरी महिन्यातून एकदा, तेव्हा देवही आम्हांपासून दूरच असावयाचा, असे कोणी मनात आणू नये.

तरीसुद्धा पुष्कळ विश्वासणाऱ्यांच्या अंतःकरणात ही तक्रार असते. “पूर्वी प्रार्थनेत गोडी वाटे, आता वाटत नाही. देव दूर गेला.” ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्यास देव दूर गेला असे वाटून दुःख होते, त्याच्या ठायी देवाची ओढ अद्यापि जिवंत आहे. ज्यास त्याचे काहीच वाटत नाही, त्याची स्थिती अधिक कठीण होय. तेव्हा देवाजवळ राहणे म्हणजे काय, याचा आज आपण शांतपणे विचार करू.

पहिली गोष्ट ही की, धर्माजवळ राहणे व देवाजवळ राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पंडिता रमाबाई यांचे नाव आमच्या जिल्ह्यास परके नाही. ज्या केडगावी त्यांनी मुक्तिसदन वसविले, ते गाव शेजारच्याच दौंड तालुक्यात आहे. इ. स. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या संस्कृतात निपुण, शास्त्रवाचनात तत्पर व उपासनेत नियमित होत्या. असे असून १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे धर्म आपल्या हाती होता, पण स्वतः तारणाऱ्याशी आपली भेट झाली नव्हती. एवढ्या विदुषीने हे सांगावे, आणि आपण मात्र मंडळीच्या नोंदवहीत आपले नाव आहे एवढ्यावर निर्धास्त असावे, हे योग्य नव्हे. आजोबा ख्रिस्ती झाले, वडील पंच होते, आपला बाप्तिस्मा बाळपणी झाला. हे सर्व आशीर्वादच आहेत. परंतु आजोबांनी पोटभर खाल्लेल्या भाकरीने नातवाची भूक भागत नाही.

दुसरी गोष्ट, जवळ येण्याचा आरंभ आपल्याकडून नसून देवाकडून झाला आहे. या भागातील शेतकऱ्यास हे सांगण्यास दूरचा दृष्टांत नको. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामती व इंदापूर तालुक्यांस मिळू लागले. ज्या रानात पावसाच्या भरवशावर कशीबशी ज्वारी येई, तेथे ऊस उभा राहिला. हे पाणी भोर तालुक्यातील भाटघरच्या धरणापासून नीरेने येते आणि वीर येथून कालव्याने वळविले जाते. आमच्यापैकी कोणी एकट्याने ते धरण बांधिले नाही. कोणी एकट्याने तो कालवा खणिला नाही. पाणी दुरून आमच्या बांधापर्यंत आणून दिले गेले. तद्वत देव आपल्या पुत्राच्या ठायी आम्हांजवळ आला. आमच्या उपवासांनी त्यास ओढून आणिले नाही. इफिसकरांस लिहिताना पौल हेच शिकवितो की, जे दूर होते ते ख्रिस्ताच्या रक्ताने जवळचे झाले.

परंतु पाणी बांधाशी आले म्हणजे पीक भिजले असे होत नाही. पाळीच्या दिवशी शेतकरी रात्री उठतो, फावडे घेऊन दारे धरितो, एक वाफा भरला की दुसऱ्याचे दारे मोडतो. दंडात हरळी माजली असेल, गाळ साचला असेल, खेकड्यांनी बिळे केली असतील, तर पाणी अर्ध्यावरच जिरते आणि मोहरी भरलेली असूनही वाफा कोरडा राहतो. मग तो शेतकरी “कालवा आटला” असे म्हणत नाही. तो दंड साफ करितो. आमच्या आत्मिक जीवनातही बहुधा असेच घडते. देव दूर गेलेला नसतो. दंड तुंबलेला असतो. इतका मात्र भेद लक्षात ठेवावा की, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास, त्याने दंड कितीही स्वच्छ ठेविला तरी, पुष्कळदा पाणी उशिरा व थोडे मिळते. देवाच्या कृपेस असे शेवटचे टोक नाही. शेवटच्या झोपडीसही ती पहिल्या वाड्याइतकीच मिळते.

मग हा दंड कशाने तुंबतो? कामाच्या घाईने शास्त्र फडताळात पडून राहते, त्याने तुंबतो. दारूने व लबाडीने तुंबतो. पण खेड्यात तो सर्वांहून अधिक कशाने तुंबत असेल, तर बांधावरून. भावाभावांत वाटणी होते. कोणी हातभर बांध कोरतो. शब्दास शब्द लागतो. आणि मग वर्षानुवर्षे एक भाऊ दुसऱ्याच्या घरच्या सुखदुःखास जात नाही. दोघेही प्रभुवारी उपासनेस येतात, एकाच पुस्तकातील गीते गातात, एकाच मेजावरील भाकर घेतात, आणि बाहेर पडल्यावर तोंड फिरवून दोन वाटांनी जातात. अशा मनुष्याने प्रार्थनेत देव जवळ वाटत नाही म्हणून आश्चर्य का मानावे? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने असा क्रम घालून दिला आहे की, अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. आम्ही हा क्रम उलटा करितो; अर्पण देतो आणि समेट पुढच्या वर्षावर टाकितो. हातभर जमिनीसाठी देवाचे सान्निध्य गमावणे हा फार महाग सौदा होय.

तिसरी गोष्ट दुःखात असलेल्यांसाठी आहे. सर्व कोरडेपणा पापामुळेच येतो असे मात्र आम्ही म्हणत नाही, आणि शोकात बुडालेल्या घरी जाऊन कोणी असे म्हणू नये. त्र्याहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता आसाफ मंदिरातील सेवक होता. तरी दुष्टांची भरभराट व नीतिमानांचे हाल पाहून त्याचे पाय घसरण्याच्या बेतास आले. त्याने आपली शंका देवापुढेच नेली, आणि देवाच्या पवित्रस्थानात त्याचे डोळे उघडले. त्याची परिस्थिती बदलली असे स्तोत्रात कोठेही लिहिलेले नाही. परंतु देवाजवळ असणे हेच आपले हित, हे त्यास कळले. प्रत्यक्ष प्रभूनेही वधस्तंभावर टाकिले गेल्याचा आक्रोश केला. पण तो आक्रोशही पित्यासच उद्देशून होता. म्हणून जो रडतो व रडत रडत प्रार्थना करितो, तो देवापासून दूर नाही.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षाकडे पाहा. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या हाती सर्व कार्य सोपवावयाचे होते, ती त्यांच्या आधी गेली. त्यांचे स्वतःचे शरीर थकले होते, कानांनी ऐकू येत नव्हते. तरी खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीसही समजावे म्हणून मूळ इब्री व ग्रीक भाषांतून साध्या मराठीत शास्त्र उतरविण्याचे जे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले होते, ते त्यांनी सोडिले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. त्या शोकाच्या दिवसांत त्यांस काय वाटत होते हे देव जाणे. त्या काय करीत राहिल्या हे आपणांस ठाऊक आहे. देवाजवळ राहणे ही नुसत्या भावनेची गोष्ट नसून, त्याने नेमून दिलेल्या जागी निष्ठेने उभे राहण्याची गोष्ट आहे.

तेव्हा प्रियहो, फार मोठे संकल्प करू नका. रात्री जेवणे झाल्यावर दिवा मालविण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून शास्त्राच्या चार ओव्या वाचाव्या. ज्यास वाचता येत नसेल त्याने नातवाकडून वाचवून घ्यावे. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी येत्या प्रभुवारापूर्वी एकदा जावे. तो काय म्हणेल याची वाट पाहू नये. शेजारच्या घरी आजारी असेल त्याच्या उशाशी बसावे. दंड साफ करणे आपले काम आहे, पाणी सोडणे देवाचे. आणि त्याची पाळी कधीही चुकत नाही.

जो दूर असता आपणांस शोधीत आला, तो प्रभू येशू ख्रिस्त आपणां सर्वांस आपल्या समीप राखो. आमेन.