मृतांचे स्मरण : मुखवटा नव्हे, जबाबदारी



३१ ऑक्टोबरचा 'हॅलोविन' आता केवळ परदेशातील सण राहिलेला नाही. मोबाइलच्या पडद्यावरून तो जळगाव-धुळ्याच्या घरांतही पोहोचला आहे. मुलांनी भुताचा मुखवटा मागितला, तर नुसते 'नको' म्हणून भागत नाही. हा सण कोठून आला, हेही त्यांना सांगता आले पाहिजे.

आयर्लंड परिसरातील प्राचीन केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा लागताना एक सण पाळीत. त्या रात्री मृतांचे आत्मे परततात, अशी समजूत त्याला जोडली गेली. पुढे ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरविला. संतदिनाची पूर्वसंध्या म्हणजेच हॅलोविन. १९ व्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत रुजला आणि बाजाराने त्याचा खेळ केला.

गेलेल्यांची ओढ मात्र सर्वच माणसांना असते. खान्देशात हिंदू बांधव आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात; शब-ए-बरातला आपली पावले कब्रस्तानाकडे वळतात. प्रश्न असा की, या ओढीला इस्लाम कोणती दिशा देतो?

पवित्र कुरआनच्या सूरह मोमिनूनमध्ये सांगितले आहे की, मृत आणि हे जग यांच्यामध्ये पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत 'बरजख'चा पडदा आहे. म्हणून श्रद्धावंताला भटकणाऱ्या आत्म्यांचे भय नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कबरींना भेट देण्यास सांगितले, ते परलोकाची आठवण व्हावी म्हणून. मृत्यूनंतरही तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते, असे त्यांनी शिकविले : सदका-ए-जारिया, उपयुक्त ज्ञान आणि दुआ करणारी सदाचारी संतती. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईसाठी विहीर खोदली. वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना याचे मोल सांगावे लागत नाही.

याहून कठीण कसोटी पुढे आहे. एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढविण्यास प्रेषित (स.) थांबले आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच त्यांनी ती पढविली. सूरह निसाने तर आधी वसियत व कर्ज, मग वारसांचे हिस्से, असा क्रम घालून दिला आणि त्यात मुलीचा हिस्सा निश्चित केला. आपण काय करतो? वडिलांच्या कबरीवर फुले वाहतो आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो! माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. भीडेपोटी केलेली ही सही म्हणजे खुशी नव्हे. सातबाऱ्यावरून तिचे नाव वगळता येईल, अल्लाहच्या दरबारातून तिचा हक्क वगळता येणार नाही.

बंधू-भगिनींनो, या वेळी कब्रस्तानाकडे निघण्यापूर्वी घरातच दोन प्रश्न विचारा : अब्बांचे कोणाचे देणे राहिले आहे काय? बहिणीला तिचा हिस्सा मिळाला काय? मुलांनाही हे पाहू द्या. मृतांचे स्मरण कसे करावे, हे ती त्यातूनच शिकतील.

अल्लाह आपल्या दिवंगतांना क्षमा करो आणि आपल्याला त्यांची देणी फेडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.