जम्बो जेटच्या आठवणी आणि स्मृतीचा पुरावा

जम्बो जेट, म्हणजे बोइंग ७४७, ९ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिल्यांदा उडाले. २२ जानेवारी १९७० रोजी पॅन ॲमने न्यूयॉर्क-लंडन मार्गावर त्यातून प्रवासी नेले. आधीच्या ७०७ विमानात मधोमध एकच अरुंद वाट होती. ७४७ मध्ये दोन वाटा आल्या आणि एका रांगेत नऊ-दहा माणसे बसू लागली. एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ मध्ये दाखल झाले. मुंबईहून शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या अनेक मराठी माणसांची पहिल्या विमानप्रवासाची आठवण याच विमानांशी जोडलेली आहे. या आठवणींत ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: खिडक्यांभोवती बाहेरून रंगवलेल्या झरोक्यांच्या कमानी, वरच्या मजल्यावर जाणारा गोल जिना, एवढे मोठे धूड जमिनीवरून उचलले जाईल की नाही ही धाकधूक. त्यांच्या आधारे दोन जुने प्रश्न तपासता येतात. आठवणीला ज्ञान म्हणावे काय? आणि ज्याने तेव्हा पाहिले व जो आज आठवतो तो एकच, हे आठवणीने सिद्ध होते काय?

पहिल्या प्रश्नाला न्यायदर्शनाचे उत्तर स्पष्ट आहे. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या न्यायग्रंथात ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग केले आहेत. अनुभव इंद्रियांनी, अनुमानाने किंवा विश्वसनीय माणसाच्या सांगण्यातून मिळतो. स्मृती मात्र त्या अनुभवाने मागे ठेवलेल्या संस्कारातून उठते. ती स्वतः अनुभव नाही, म्हणून तिला प्रमा, म्हणजे प्रमाणभूत ज्ञान, म्हणायचे नाही. मूळ अनुभव खरा तर स्मृती खरी, तो चुकीचा तर स्मृतीही चुकीची. स्मृतीचा खरेपणा असा उसना असतो.

ही मांडणी जिन्याच्या आठवणीला लावून पाहता येते. गोल जिना ७४७ च्या सुरुवातीच्या, १०० आणि २०० या मालिकांत होता. ३०० पासून पुढे तो सरळ झाला. एअर इंडियाने १९९३ पासून घेतलेल्या ७४७-४०० विमानात आपण गोल जिना चढलो, असे कोणी सांगितले तर ते खरे असू शकत नाही. पण त्यामागचा एकही अनुभव खोटा नसेल. जुन्या विमानातला किंवा छायाचित्रातला जिना खराच पाहिला असेल, नंतरचा प्रवासही खराच झाला असेल; चूक फक्त दोन खऱ्या गोष्टी जोडण्यात आहे. मूळ अनुभवावर बोट ठेवून ही चूक सापडत नाही, आणि इथे अन्नंभट्टाची दुहेरी विभागणी अपुरी पडते.

याहून कठीण उदाहरण नेदरलँड्समधले आहे. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी संध्याकाळी एल अल कंपनीचे मालवाहू ७४७ आम्स्टरडॅमच्या विमानतळावरून उडाले. थोड्याच वेळात त्याच्या उजव्या पंखाखालची दोन्ही इंजिने तुटून पडली आणि परत फिरण्याच्या प्रयत्नात ते बाइल्मरमेर भागातील रहिवासी इमारतींवर कोसळले. ४३ माणसे मेली. विमान इमारतीवर आदळतानाचे चित्रीकरण कोणाकडेच नव्हते. दूरचित्रवाणीवर दिसली ती नंतरची आग आणि ढिगारे. काही महिन्यांनी हान्स क्रोम्बाख, विलेम वाखेनार आणि पीटर फान कोपेन या अभ्यासकांनी लोकांना विचारले, की आदळण्याच्या क्षणाची फिल्म तुम्ही पाहिली का? १९३ पैकी ५५ टक्के लोकांनी होय म्हटले. दुसऱ्या चाचणीत हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशावर गेले आणि विमान कसे आदळले याचे तपशीलही कित्येकांनी दिले.

हे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांनी बातम्या ऐकल्या होत्या, उद्ध्वस्त इमारती पाहिल्या होत्या, मधला क्षण मनाने रचला होता. शिवाय फिल्म आहे हे प्रश्नानेच गृहीत धरले होते. प्राभाकर मीमांसकांनी शिंपल्यावर चांदी दिसण्याच्या भ्रमाची जी उपपत्ती दिली ती इथे आठवते. त्यांच्या मते समोरचा शिंपला दिसतो आणि पूर्वी पाहिलेली चांदी आठवते. पण ती आठवण आहे ही खूण गळून पडते आणि दोहोंतला भेद ध्यानात येत नाही. आम्स्टरडॅमच्या बाबतीतही ऐकलेल्या आणि कल्पिलेल्या चित्राची उगमाची खूण हरवली. दोष उगम विसरण्यात आहे, हे प्राभाकरांनी नेमके ओळखले. पण केवळ विसरण्याने सगळा उलगडा होत नाही. ‘मी पाहिले’ असे लोकांनी ठामपणे म्हटले. तो भेदज्ञानाचा नुसता अभाव नव्हता, एका गोष्टीला दुसरी म्हणून जाणणे होते, आणि तेवढ्यापुरता नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचा, अन्यथाख्यातीचा पक्षच बळकट ठरतो.

मग खरी आठवण ओळखायची कशी? २४ जून १९८२ च्या रात्री क्वालालंपूरहून पर्थला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे ७४७ जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि चारही इंजिने बंद पडली. विमान कित्येक मिनिटे तरंगत खाली येत राहिले, मग इंजिने पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला सुखरूप उतरले. त्या विमानातल्या बेटी टूटेल यांनी पुढे सहप्रवाशांचा शोध घेऊन त्या रात्रीवर पुस्तक लिहिले. हे काम तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. पंखाभोवतीचा उजेड, केबिनमधला धूर, इंजिनांचा थांबलेला आवाज: वेगवेगळ्या आसनांवरून अनुभवलेल्या गोष्टी एकमेकींशी ताडून पाहता येतात. ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानातच दिसत नाही, तो बाहेरून पडताळावा लागतो, असे नैयायिक मानतात. त्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड आहे. अर्थात सगळ्यांनी एकच बातमी ऐकली असेल तर एकमतही फसवे असते. साक्षी स्वतंत्र असायला हव्यात.

दुसऱ्या प्रश्नावरचा वाद जास्त खोल आहे. देवदत्ताने अनुभवलेले यज्ञदत्ताला आठवत नाही. म्हणून अनुभवणारा आणि आठवणारा एकच टिकाऊ आत्मा असला पाहिजे, असा नैयायिकांचा युक्तिवाद आहे. बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या शेवटी त्याला उत्तर दिले आहे: चित्ताचे क्षण एकामागून एक येतात, आधीचा क्षण नंतरच्या क्षणाचे कारण असतो, आणि असा कार्यकारणसंबंध एकाच प्रवाहात असल्यामुळे आठवणही त्याच प्रवाहात उठते; त्यासाठी आत्मा लागत नाही. युरोपात जॉन लॉकने तर व्यक्तीचे एकत्व या स्मरणावरच उभे केले.

आम्स्टरडॅमच्या चाचणीने आत्म्याचा निकाल लागत नाही, पण नैयायिकांच्या पुराव्याची मर्यादा कळते. ‘मी पाहिले’ हा प्रत्यय पाहिल्याशिवायही उठतो. तेव्हा त्या प्रत्ययावरून पाहणारा सिद्ध करायचा असेल तर आधी आठवण खरी असल्याचे दाखवावे लागते, आणि ते आतून दाखवता येत नाही. त्यासाठी विमानाची मालिका, उड्डाणाची नोंद, शेजारच्या आसनावरचा माणूस लागतो. आठवणीतून स्वतःची खात्री पटवू पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबावे लागते, ही गोष्ट नैयायिक आणि बौद्ध दोघांच्याही वादात मागे राहिली.

प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणे, ही स्मृतीहून वेगळी आहे. तिला वस्तू समोर लागते, आणि जम्बो जेट आता विरळ होत चालले आहे. ७४७ चे उत्पादन १,५७४ विमानांनंतर थांबले आणि शेवटचे विमान ३१ जानेवारी २०२३ रोजी सुपूर्द झाले. एअर इंडियाचे अखेरचे ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून अमेरिकेला गेले, सुटे भाग काढण्यासाठी. काही विमाने संग्रहालयांत आहेत. पहिले चाचणी विमान सिअ‍ॅटलला ठेवलेले आहे. अशा ठिकाणी जुना प्रवासी जिना चढून ‘हेच ते’ म्हणतो. बौद्ध म्हणतील, की ही सारखेपणातून आलेली चूक आहे, कापून पुन्हा वाढलेले केस तेच वाटावेत तशी. नैयायिक जाती आणि व्यक्ती यांत फरक करील: ‘अशाच विमानातून गेलो’ हे खरे, ‘याच विमानातून गेलो’ हे नोंदणी क्रमांक जुळला तरच खरे.