घड्याळ कोणाच्या हाती?

सातारा-सांगलीकडच्या साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अध्यक्षस्थानी कारखान्याचे चेअरमनच असतात. प्रश्न विचारायचा तो त्यांच्याच कारभाराबद्दल, पण त्यांच्याच परवानगीने आणि त्यांच्याच माइकवर. विषयपत्रिकेचं वाचन सुरू होतं, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो, मागून ‘नामंजूर’च्या घोषणा येतात, आणि उसाच्या दराचा विषय निघायच्या आत सभा गुंडाळली जाते. चेअरमन भला माणूस असला तरी हे असंच घडू शकतं, कारण खोट खुर्चीच्या रचनेत आहे. टीव्हीवरच्या राजकीय चर्चेबद्दल बोलताना मात्र आपण अजून स्वभावापाशीच अडतो: अमुक अँकर विकला गेलेला, तमुक निर्भीड. माझ्या मते सूत्रसंचालकाची निष्पक्षता त्याच्या मनात शोधत बसण्यात अर्थ नाही. विषय ठरवणं, माणसं बोलावणं, वेळ मोजणं आणि खरं-खोटं सांगणं या चार कामांपैकी किती त्याच्या एकट्याकडे आहेत, एवढं पाहावं. चारही त्याच्याकडे असतील तर त्याचा पक्षकार व्हायला वेळ लागत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. न्यायसूत्रांमध्ये वादात हार कशाने होते याची २२ निग्रहस्थानं आधीच नोंदलेली आहेत. मूळ मुद्दा सोडून भलतंच बोलणं हे ‘अर्थांतर’, आणि काम आठवल्याचं निमित्त करून वाद सोडून जाणं हा ‘विक्षेप’. (आपल्या प्रवक्त्यांनी दोन्हींत प्रावीण्य मिळवलं आहे.) पण त्यातलं सर्वांत अर्थपूर्ण निग्रहस्थान मला वेगळंच वाटतं: प्रतिपक्षाची चूक झाली असताना ती दाखवून न देणं, हीसुद्धा हारच. आता ही चूक सांगायची कोणी? ज्याची चूक झाली तो आपण होऊन आपली उघडी बाजू दाखवणार नाही, आणि दुसऱ्याच्या ती लक्षातच आलेली नाही. वात्स्यायनाचं भाष्य हे काम परिषदेकडे सोपवतं, आणि तेही परिषदेला ‘हरलं कोण?’ असं विचारलं तरच. पंच तिथे होता, पण त्याच्या बोलण्याला वेळ ठरलेली होती. पुढे १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे वाद झाले, त्यांत धाक होता तो समोरच्या गर्दीचा.

टीव्हीने गर्दी घरात बसवली, तेव्हा हा धाक नियमांत आणावा लागला. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत केनेडी आणि निक्सन समोरासमोर उभे राहिले. सूत्रसंचालक हॉवर्ड के. स्मिथ यांच्याकडे काम होतं ते क्रम आणि वेळ सांभाळण्याचं. प्रश्न विचारले ते चार वेगळ्या पत्रकारांनी. ही विभागणी तेव्हा कोणी तत्त्व म्हणून मांडली नसेल, पण ती होती. त्या चर्चेत एक पळवाटही होती. सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याची कायद्याची अट अमेरिकी काँग्रेसने त्या निवडणुकीपुरती बाजूला ठेवली होती, म्हणजे ‘समान, पण कोणाकोणात?’ हा प्रश्न टाळूनच सुरुवात झाली. आपल्या निवडणूक आयोगाने १९९८ साली दूरदर्शन-आकाशवाणीसाठी जी योजना आणली, तिने हा प्रश्न तोंडावर घेतला. प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला ठरावीक वेळ, त्यावर मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात जादा वेळ, आणि क्रम सोडतीने. त्याच योजनेत एक कलम फारसं कोणाच्या ध्यानात नसलेलं आहे: प्रसारभारतीला जास्तीत जास्त दोन गटचर्चा घेता येतील, प्रत्येक पात्र पक्षाचा एक प्रतिनिधी असेल, आणि सूत्रसंचालकाच्या नावाला आयोगाची मान्यता लागेल. म्हणजे पंच यजमानाने परस्पर नेमायचा नाही.

खासगी मराठी वृत्तवाहिन्या आल्या त्या २००७-०८च्या सुमारास, आणि ही विभागणी मोडली. आजच्या चर्चेचा पडदा नीट पाहावा. सहा-आठ चौकटी, त्यांत अँकरची सर्वांत मोठी. कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली हे कंट्रोल रूममधून ठरतं. खाली धावणाऱ्या पट्टीवर प्रश्नाच्या वेषात निकाल आधीच छापलेला. सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०२२ मध्ये द्वेषमूलक भाषणांच्या सुनावणीवेळी न्या. के. एम. जोसेफ यांनी अँकरच्या जबाबदारीकडेच बोट दाखवलं. पुढच्याच महिन्यात वाहिन्यांच्या स्वनियंत्रण संस्थेने हिजाबवरच्या एका चर्चेबद्दल एका हिंदी वाहिनीला ५० हजारांचा दंड केला. पक्षांचा उपाय बहिष्काराचा: काँग्रेसने २०१९ मध्ये महिनाभर प्रवक्ते पाठवले नाहीत, २०२३ मध्ये ‘इंडिया’ आघाडीने १४ अँकरांची यादीच काढली. दंड काय किंवा बहिष्कार काय, दोन्ही उपाय माणसाला शासन करतात आणि खुर्ची तशीच ठेवतात.

चार कामांत विषय ठरवण्याचं काम सर्वांत कमी दिसतं, पण परिणाम त्याचाच मोठा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव विधानसभा मतदारसंघात २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही वेळा लढत झाली ती महेश शिंदे आणि शशिकांत शिंदे यांच्यात. कृष्णेचं पाणी याच तालुक्यातल्या कठापूरजवळ उचलून खटाव-माणकडे न्यायचं, तर कोरेगावच्या कोरड्या गावांच्या वाट्याला काय, हा प्रश्न इथे कोणत्याही पारावर निघतो. मुंबईच्या स्टुडिओत तो निघायचा तर अँकरला जिहे-कठापूर योजना ठाऊक असावी लागेल. तिथे साताऱ्याचं नाव निघतं ते राजघराण्याच्या गादीवरून किंवा प्रचारात गाजलेल्या पावसातल्या सभेवरून. एकाही पाहुण्याला न तोडता, सर्वांना सेकंदाच्या हिशेबाने सारखा वेळ देऊनही अशी चर्चा इथल्या मतदारावर अन्याय करू शकते.

यावर मोठा आक्षेप येतो तो खोटेपणाचा. सूत्रसंचालकाने नुसतं घड्याळ पाहायचं (इथे कोणाचं निवडणूक चिन्ह अभिप्रेत नाही), तर धडधडीत खोटं बोलणाऱ्याचं फावेल. आक्षेप खरा आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत दोन्ही प्रयोग झाले. जूनमध्ये सीएनएनने पाळी नसलेल्याचा माइक बंद ठेवला, दुरुस्त्या केल्या नाहीत. बायडेन-ट्रम्प चर्चेत बरंच खोटं तसंच निसटलं. सप्टेंबरमध्ये एबीसीच्या सूत्रसंचालकांनी ट्रम्प यांना जागच्या जागी दुरुस्त केलं, तर लढत दोन सूत्रसंचालक आणि प्रतिस्पर्धी अशा तिघांविरुद्ध एकाची झाल्याची ओरड झाली. मला एबीसीच्या दुरुस्त्या योग्य वाटतात, पण कोणती दुरुस्ती करायची हे अँकरनेच निवडलं की ती ओरड पुसता येत नाही. वात्स्यायनाची अट इथे उपयोगी पडते. प्रतिस्पर्ध्याने मागितली तरच पडताळणी व्हावी, प्रत्येकाला सारख्याच मागण्या मिळाव्यात, आणि उत्तर आधी जमा केलेल्या कागदांतूनच यावं: उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, अर्थसंकल्प, कॅगचे अहवाल. दोघांनीही गप्प राहून पचवलेलं खोटं या रीतीने सुटेल. ते पकडणं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं काम. ती किंमत मला परवडणारी वाटते.

इतके नियम केले की चर्चा अळणी होईल, असंही म्हटलं जातं, आणि आधी मजकूर तपासून घेतलेली दूरदर्शनवरची पक्षांची भाषणं आठवली की ते पटतंही. पण ब्रिटनमध्ये २०१० साली पहिल्यांदा पक्षनेत्यांच्या चर्चा झाल्या त्या ७६ नियम ठरवून. प्रेक्षकांना टाळ्याही वाजवायच्या नव्हत्या. तरी पहिल्याच रात्री निक क्लेग देशभर चर्चेत आले. चर्चा बेचव होते ती उलटा प्रश्न विचारायला बंदी असल्यामुळे.

राहिला प्रश्न समोर बसायचं कोणी, हा. मे २०२४ मध्ये न्या. मदन लोकूर, न्या. अजित शहा आणि एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला; भाजपच्या युवा मोर्चाने आपल्या उपाध्यक्षाचं नाव पुढे केलं, आणि गाडी तिथेच थांबली. ऐन प्रचारात हे ठरवायला गेलं की असंच होणार. मतदारसंघाच्या पातळीवर ते तुलनेने सोपं आहे. माघारीची मुदत संपताच उमेदवारांची अंतिम यादी लागते, आणि तिच्यात मान्यताप्राप्त पक्ष, नोंदणीकृत पक्ष व अपक्ष असे तीन गट कायद्यानेच पाडलेले असतात. गटागटाने फेऱ्या घ्याव्यात, क्रम चिठ्ठीने ठरवावा, सूत्रसंचालक तालुक्याबाहेरचा आणि उमेदवारांना आधी मान्य असलेला असावा. न येणाऱ्याची खुर्ची रिकामी ठेवायची, हेही आधीच जाहीर करावं. वाहिन्या एवढ्या लहान लढतीसाठी वेळ देणार नाहीत, हे उघड आहे. पण १९९८च्या त्या कलमात आकाशवाणीही आहे, आणि आकाशवाणीचं केंद्र साताऱ्यातच आहे. पक्षांसाठी लिहिलेलं ते कलम एका मतदारसंघाच्या उमेदवारांपर्यंत ताणता येईल का, हे आयोगाला लेखी विचारावं लागेल.