दोषी मन कोणी सिद्ध करायचे?

२७ नोव्हेंबर १९६२ रोजी एक जर्मन प्रवासी झुरिचहून मनिलाला निघाला. अंगातल्या खास शिवलेल्या जाकिटात ३४ किलो सोने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान मुंबईत सांताक्रूझला थांबले. तो खाली उतरलाही नाही; कस्टमच्या अधिकाऱ्यांनी त्याला विमानातच गाठले.

भारतातून नुसते पुढे जाणाऱ्या सोन्याला तोवर सूट होती. मात्र त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने अट घातली, की अशा सोन्याची नोंद विमानाच्या मालयादीत हवी. ती अधिसूचना राजपत्रात आली २४ नोव्हेंबरला. झुरिचमधल्या माणसाने ती कधी आणि कुठे वाचायची?

फौजदारी कायद्याचा पाया असा, की नुसत्या कृतीने माणूस गुन्हेगार ठरत नाही. कृतीमागे दोषी मनही लागते. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने पुन्हा दोषी धरले. देशाचे परकीय चलन राखणारा कायदा ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर लुळा पडता कामा नये, असा बहुमताचा रोख होता. शिक्षा मात्र भोगून झालेल्या कैदेइतकीच ठेवली. न्या. सुब्बा राव असहमत राहिले. मला त्यांचेच पटते. जाकिटात दडवलेले सोने पाहून संशय येतो, माझ्याही मनात आला. पण माणूस संशयास्पद वाटला म्हणून हा नवा नियम मोडण्याचे त्याच्या मनात होते, असे होत नाही.

पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या धारच्या एका धान्य व्यापाऱ्याचा खटला आला. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, शुल्क भरले होते, साठ्याची विवरणपत्रेही तो नेमाने देत होता. अर्ज नामंजूर झाल्याचे त्याला कोणी कळवलेच नाही. परवाना मिळाल्याच्या प्रामाणिक समजुतीने त्याने गहू साठवला आणि आरोपी झाला. या वेळी सुब्बा राव यांच्या खंडपीठाने त्याला निर्दोष सोडले.

संसदेला ते रुचले नसावे. ज्याखाली हा व्यापारी आरोपी झाला, त्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात १९६७ मध्ये दुरुस्ती झाली: आदेशाचा भंग जाणूनबुजून, हेतुपुरस्सर वा अन्य कसाही झालेला असो, तो गुन्हाच. १९७४ मध्ये हे शब्द काढले. पण त्यांच्या जागी आले ते कलम १०-ग. त्यानुसार आरोपीचे मन दोषी असल्याचे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीनेच सिद्ध करायचे, आणि तेही वाजवी संशयापलीकडे. एरवी आरोप सिद्ध करताना जो कस सरकारी पक्षाला लागतो, तोच इथे आरोपीला लावला आहे. साठेबाजांना जरब हवी हे मान्य. टंचाईच्या काळात त्यांनी गरिबांच्या तोंडचा घास काढला आहे. पण सरकारी कचेरीतून न आलेल्या पत्राचा पुरावा धारचा तो व्यापारी कोठून आणणार होता?