सांगायची सोय

धंतोलीत ज्याचं काम पडत नाही तो विदर्भातला माणूस सुखी समजावा. आत शिरलं की घरांपेक्षा दवाखानेच जास्त दिसतात. कोपऱ्याकोपऱ्यावर औषधाचं दुकान, आणि छिंदवाडा-बालाघाटपासून आलेली माणसं फुटपाथवर डबे उघडून बसलेली. या गर्दीला कंटाळून तिथले रहिवासी हायकोर्टात गेले होते. त्यांचं चूक नाही, पण आम्ही गर्दीवाले. थोरल्या भावाला मी इथंच आणलं होतं, त्याला बारा वर्षं झाली. यंदा माझा नंबर लागला.

दादाचं आधी सांगतो.

अडुसष्टाव्या वर्षी त्याची कंबर धरली. संत्र्याच्या बागेत वाकून वाकून धरली असेल म्हणून गावात तेल-मालिश, सुया असं सहा महिने चाललं. मग एका रात्री लघवीच अडली. नळी घालून धंतोलीत आणलं. रक्ताचा पीएसए चारच्या आत असावा म्हणतात, त्याचा काही शेकड्यांत होता. तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तो मणक्यात उतरलेला.

डॉक्टरांनी मला आणि पुतण्याला आत बोलावलं. दादा बाहेर बाकावर, लघवीची थैली कापडी पिशवीत लपवून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हा रोग पुरुषाच्या हार्मोनवर पोसला जातो, ते तोडलं की दबतो. पूर्ण बरा होत नाही. तोडायचे रस्ते दोन. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, ते जन्मभर आणि महागडं. नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन करून दोन्ही अंड काढायचे. गुण दोन्हींचा सारखाच.

"त्यांना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"आमी सांगतो साहेब," मी म्हणालो.

बाहेर येऊन मी दादाला सांगितलं, "गाठ हाये. बारकं आपरेशन हाये." कागद इंग्रजी होता. मी बोट ठेवलं तिथं त्यानं चौथी शिकलेल्या अक्षरात सही केली.

गुण आला, हे खोटं बोलता येणार नाही. ज्याला कूस वळता येत नव्हती तो आठवड्यात उठून बसला. महिन्याभरात धुऱ्यावर काठी टेकत फिरला. पोरानं मागाहून वाचून दाखवलं की हा इलाज अमेरिकेतल्या चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरनं 1941 साली दाखवून दिला आणि त्याला 1966 साली नोबेल मिळालं. मोठा माणूस. पण पट्टी सुटली त्या दिवशी दादानं मला विचारलं, "गाठ कुठं होती म्हने?" मी म्हणालो, "तिथंच." त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्या हिवाळ्यात, शेकोटीजवळून हलवत नव्हतं अशा थंडीत, त्याला एकाएकी घाम फुटायचा आणि तो चादर फेकून द्यायचा. तेही त्या इलाजाचंच. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा.

पुढच्या वर्षी गोऱ्हा खच्ची करायला ढोरांचे डॉक्टर चिमटा घेऊन आले. चौघांनी गोऱ्हा पाडला. दादा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. काम झाल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाला, "याले सांगाची सोय नाही म्हून कोनी सांगत नाही. मले तं सांगता आलं असतं ना लेका."

त्यानंतर तो दीड वर्ष जगला. हा विषय परत निघाला नाही.

मी बरोबर केलं की चूक, यावर मी स्वतःशी पुष्कळ भांडलो. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. आमच्या भागात कर्जानं, दुखण्यानं विहीर जवळ करणारी माणसं मी पाहिली आहेत. दादानं तसं काही केलं असतं तर? दुसरं, दादा असा चिक्कू की इंजेक्शनाचा खर्च ऐकून त्यानंच म्हटलं असतं, "काप बाप्पा, मोकळं कर." म्हणजे निर्णय बहुधा तोच झाला असता. मग बिघडलं काय?

बिघडलं ते असं. माझं वावर मी विकलं आणि माझ्या माघारी भावानं विकलं, भाव तोच आला, तरी दोन्ही विक्र्या एक नाहीत. फेरफाराची नोंद घेताना तलाठीसुद्धा नोटीस काढून हरकतीला पंधरा दिवस देतो. वावराला जे मिळतं ते दादाच्या देहाला मी दिलं नाही. आणि विहिरीची भीती खरी होती, पण अर्धीच. अर्धी लाज होती. ज्याच्या खांद्यावर बसून मी पोळा पाहिला त्याच्यासमोर तो शब्द काढायचा कसा? माझी लाज वाचवायला मी त्याचा हक्क खर्ची घातला.

सुप्रीम कोर्टानं 2008 साली समीरा कोहली यांच्या खटल्यात हेच सांगितलं आहे. त्या तपासणीसाठी गेल्या होत्या. बेशुद्धीत असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. कोर्ट म्हणालं, रोगी सज्ञान आहे, शुद्धीवर येईल, तर नात्यातल्याची सही चालणार नाही. इलाज काय, दुसरे रस्ते कोणते, धोका काय, नाही केलं तर काय, हे कळून दिलेली संमती हीच संमती. मी तर दादाकडूनच सही करवून घेतली होती. कायद्याच्या नजरेत माझा कागद जास्त पक्का दिसला असता.

आता माझं. रात्री चार-पाचदा उठणं, धार बारीक. साधी वाढलेली गाठ, कॅन्सर नाही. डॉक्टरांनी सात प्रश्नांचा कागद दिला, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. मला एकोणीस पडले. दहावीला गणितात पडले होते त्यापेक्षा फार कमी नाहीत. खाली आठवा प्रश्न वेगळा होता. उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल, असा. पोरगा मधेच बोलला, "लिहा साहेब, लय तरास हाये. करून टाका आपरेशन."

डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं चांगली आहेत. लघवी सारखी अडत असती, खडा असता, रक्त जात असतं, तर मीच ऑपरेशनचा आग्रह धरला असता. सध्या तसं नाही, म्हणून यांना विचारतोय." एक गोळी स्नायू सैल करते, गुण दिवसांत, पण उठताना गरगरतं. दुसरी गाठ बारीक करते, तिला सहा महिने द्यावे लागतात. ऑपरेशन लघवीच्या वाटेनं, गाठ आतून खरवडून. "त्यानंतर एक गोष्ट होऊ शकते..." असं म्हणून ते पोराकडे पाहून थांबले.

मी पोराला म्हटलं, "तू बाहेर बस."

मग त्यांनी सांगितलं. पुष्कळांचं वीर्य नंतर बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. जीवाला धोका नाही. मी अजून चार गोष्टी विचारल्या, ज्या दादाला विचारता आल्या असत्या. सध्या गोळ्या, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असं ठरलं.

काटोलच्या गाडीत पोरगा फुगून बसला होता. "मले बाहेर काऊन काढलं?" मग मी त्याला दादाचं सगळं सांगितलं. त्यालाही आजवर गाठच माहीत होती. फेटरी येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "मोठ्या आईले तरी सांगितलं होतं का?"

वहिनी त्या दिवशी गावी होती, दादासाठी पेज करून डबा पाठवत होती. तिला विचारायचं असतं, हे मला बारा वर्षांत सुचलं नव्हतं.