पाय दाखव!

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर, इब्बलूरपासून दोड्डकन्नेल्लीपर्यंतच्या उंच इमारतींत, मध्यरात्रीनंतर कुणाचा ना कुणाचा फोन किंचाळतोच. कुठला तरी सर्व्हर बसलेला असतो आणि ऑन-कॉल असलेल्या इंजिनिअरने काही मिनिटांत ‘अ‍ॅक्नॉलेज’ दाबायचं असतं. नाही दाबलं, तर फोन वरच्या माणसाकडे जातो. बिघाडाचं नंतर बघू, आधी जागा झालास हे सिद्ध कर!

पुरावा मागण्याची ही रीत शिडांच्या जहाजांइतकी जुनी आहे. ब्रिटिश आरमारात बोसनचे, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचे, मदतनीस शिट्ट्या फुंकत खाली उतरत आणि ‘शो अ लेग’ म्हणून ओरडत. झोपायची झोळी टांगायला माणशी चौदा इंच रुंदी. त्या दाटीत उठलं कोण, हे कळणार कसं? ‘उठलो, उठलो’ झोपेतही म्हणता येतं. पाय बाहेर काढणं जरा कठीण. बंदरात जहाजावर बायका असत, त्यांचा पाय दिसला की त्यांना झोपू देत, ही या आरोळीची चविष्ट गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. अ‍ॅडमिरल स्मिथ यांच्या 1867च्या खलाशी शब्दकोशात मात्र साधा अर्थ आहे: हाक आल्यावर जाग आल्याचं दाखवा. स्वतः आरमारात राहिलेल्या माणसावर मी जास्त विश्वास ठेवीन.

आपले रत्नागिरीकडचे खलाशी आगबोटींवर गेले, तेव्हा त्यांना कामाला लावायला सारंग आणि टंडेल असत. कोकणातल्या मच्छीमार होडीचा प्रमुख आजही तांडेलच. गिरणगावात माणसांना कामाला लावायचं ते काम भोंग्याने केलं. त्याने पुरावा मागितला नाही. वेळेत न पोचणाऱ्याची जागा घ्यायला बदली कामगार गेटवर उभाच असे.

आरमारी जहाजावर चाबूक होता, त्या जगाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण पहाऱ्याच्या पाळ्या लावणाऱ्याला डोकं होतं. चार-चार तासांचे सहा पहारे केले, तर दोन तुकड्यांपैकी एकीच्या वाट्याला कायम तोच मध्यरात्रीचा पहारा येणार. म्हणून दुपारी चार ते रात्री आठचे दोन तुकडे केले, दोन-दोन तासांचे ‘डॉग वॉच’. पहारे झाले सात, विषम. त्यामुळे पाळी दर रात्री आपोआप उलटते. ना बैठक, ना विनवणी.

सॅन फ्रान्सिस्कोत दुपारचे बारा वाजतात तेव्हा बंगळुरूत ऋतूप्रमाणे रात्रीचा साडेबारा किंवा दीड झालेला असतो. ग्राहक तिकडचा, म्हणून जागरण इकडचं, हे इथे इतकं ठरून गेलंय की तक्रारही ‘नाइट अलाउन्स किती’ एवढ्यावर येऊन थांबते. रोस्टर आखणारे हुशार असतात, त्यांच्या एक्सेलमध्ये रंगीत रकानेही असतात. पण तो सातवा पहारा त्यांनी कुठे घातलेला मला अजून दिसलेला नाही.