व्यसनाचे मूळ आणि व्रताचा साक्षी



आषाढी एकादशीचे प्रवचन आटोपल्यावर एक गृहस्थ देवळाच्या ओट्यावर माझी वाट पाहत उभे होते. मूळचे खानदेशातले, वय चाळिशीच्या पुढे, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारे. सर्व मंडळी पांगल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "बुवा, विडी मी पाच वेळा सोडली. सोडणे मला जमते. सुटलेली ठेवणे जमत नाही. शेवटची शपथ इथेच देवापुढे घेतली होती, तीही मोडली. तेव्हापासून सहा महिने झाले, मी गाभाऱ्यापर्यंत जात नाही. ओट्यावरूनच हात जोडतो आणि परत फिरतो."

हे ऐकून मला जे वाटले ते आज आपणांस सांगावयाचे आहे. विडीने फुप्फुसे जळतात हे सर्वांस ठाऊक आहे; पण विडीने एका भाविकाचा देव सहा महिने तोडला, ही गोष्ट मला अधिक भयंकर वाटली. त्यांस उत्तर देण्यापूर्वी मला एक कबुली देणे भाग होते. ती मी त्यांस तेथेच दिली आणि आज आपणा सर्वांपुढे देतो. हा प्रवचनकार स्वतः अठरा वर्षे विडी ओढीत होता. त्यांतील अकरा वर्षे तो व्यासपीठावर बसून इंद्रियनिग्रहावर बोलत होता आणि त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात बंडल असे. एकादशीस मी भात वर्ज्य करीत असे, कांदालसूण वर्ज्य करीत असे. विडी मात्र उपवासास चालते, असा शास्त्रार्थ मी मनाशी करून ठेवला होता. प्रवचनास बसण्यापूर्वी वेलदोडा चघळावयाचा, म्हणजे पहिल्या रांगेतील माताभगिनींस वास येऊ नये! देवास वास येत असेल, हा विचार मात्र मला कधी शिवला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सोडलेली वस्तू पुन्हा हाती का येते?

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एकोणसाठाव्या श्लोकात भगवंतांनी ह्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. आहार तोडला म्हणजे विषय दूर होतात, परंतु त्यांचा रस, म्हणजे आतली गोडी, मागे उरते. आणि त्याहून श्रेष्ठ असे काही दिसले म्हणजेच ती गोडीही निवृत्त होते, असा त्याचा आशय आहे. ह्या ठिकाणी ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ च्या आपल्या ग्रंथात झाडाचा दृष्टांत दिला आहे. वरवर पालवी खुडावी आणि मुळाशी पाणी घालीत राहावे, तर ते झाड मरावे कसे? सज्जनहो, "मी दहाच्या पाचावर आणल्या आहेत" असे म्हणून उरलेले बंडल उशाशी ठेवणारा मनुष्य पालवीच खुडीत असतो. "मी विकत घेत नाही, कोणी दिली तर ओढतो" असे म्हणणाराही पालवीच खुडतो. खुडलेल्या फांदीस दुप्पट धुमारे फुटतात, हे शेतकरी कुळातील आपल्यापैकी कोणास सांगावयास नको.

मग मुळाशी जाणारे पाणी कोणते? ते दोन प्रकारचे आहे : एक शरीराचे आणि दुसरे मनाचे.

प्रथम शरीराचे पाहू. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. झुरका घेतल्यापासून सुमारे दहा सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचते आणि क्षणभर तरतरी आणते. तो क्षण संपला की मेंदू पुन्हा मागणी करतो. विडीने थकवा जातो असे आपण म्हणतो. वस्तुतः विडी न मिळाल्याने आलेली बेचैनी तेवढी विडीने जाते. सावकाराने आपलेच पैसे आपणांस व्याजाने द्यावेत, तसा हा व्यवहार आहे. सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश, भुकेची वाढ, कामात चित्त न लागणे, हा त्रास पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वांत तीव्र असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हे ज्यास माहीत नाही, तो तिसऱ्या दिवशी म्हणतो, "माझ्या नशिबातच नाही." वास्तविक त्या वेळी तो घाटाच्या माथ्यावर पोचलेला असतो; पुढे उतार असतो. भगवंतांनी अठराव्या अध्यायात म्हटलेच आहे की, सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, तर राजस सुख आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे. ह्या दोन श्लोकांची प्रचीती घेण्यास विडी सोडण्याचे पहिले तीन दिवस पुरेसे आहेत.

येथे काही मंडळी आक्षेप घेतात. पहिला आक्षेप असा की, शास्त्रांत तंबाखूचा निषेध कोठे आहे? बंधूंनो, तंबाखू ही मुळी अमेरिकेतील वनस्पती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती ह्या देशात आली आणि मोगल बादशहा जहांगीर ह्याने १६१७ सालीच तिला मनाई करून पाहिली. त्या काळी मोगलांचे मोठे बंदर म्हणजे आपले हे सुरतच होते. जी वस्तू ऋषींनी पाहिलीच नाही, तिचे नाव त्यांच्या ग्रंथांत शोधण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप, शंकराचे भक्त चिलीम ओढतात त्याचे काय? शंकरांनी हलाहल प्राशन केले ते जग वाचावे म्हणून, आणि ते कंठातच धरून ठेवले. आपण विष आत घेतो आणि उरलेला धूर एका खोलीत निजलेल्या बायकामुलांच्या तोंडावर सोडतो. ह्यात शंकराची भक्ती कोठे आली? तिसरा आक्षेप असा की, विडी सिगारेटपेक्षा बरी, कारण ती पानाची असते. हाही भ्रमच होय. विडीच्या धुरातून निकोटीन व डांबर सिगारेटइतके, किंबहुना अधिकच, शरीरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तंबाखूमुळे भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मृत्यू पावतात.

आता मनाचे पाणी. ते म्हणजे लपवाछपवी. हे मी अनुभवाने सांगतो आणि ह्यासाठी एका थोर पुरुषाची कथाही सांगतो. १९३० साली त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातील दांडीच्या किनाऱ्यावर ज्यांनी मूठभर मीठ उचलले, त्या महात्मा गांधींनी आपल्या 'सत्याचे प्रयोग' ह्या आत्मकथेत बालपणीचा एक प्रसंग लिहिला आहे. बारातेरा वर्षांचे असताना एका नातलगाच्या सोबतीने त्यांस धूर काढण्याचा नाद लागला. प्रथम काकांनी टाकलेली थोटके ओढली. ती पुरेनात, म्हणून नोकराच्या खिशातील पैसे चोरून विड्या घेतल्या. पुढे वडील माणसांच्या परवानगीवाचून काही करता येत नाही ह्या गोष्टीचा त्रास इतका वाढला की, दोघांनी प्राण देण्याचे ठरविले! रानातून धोतऱ्याचे बी आणले, केदारजींच्या मंदिरात जाऊन दर्शन घेतले, दिव्यात तूप घातले आणि एकान्त पाहिला. दोनतीन बिया गिळल्या, पण धैर्य झाले नाही. तेथून ते रामजींच्या मंदिरात गेले आणि तो विचार सोडून दिला. त्याबरोबरच थोटके ओढण्याची व चोरी करण्याची सवयही सुटली. मोठेपणी धूम्रपानाची इच्छा आपणांस कधी झाली नाही, असे ते लिहितात.

ह्या कथेतील क्रम पाहा. थोटूक, मग चोरी, मग लपवणे आणि शेवटी जीवच नकोसा होणे. मुलाने जे लपविले, त्याच्या ओझ्याने तो मरणाच्या दारी गेला. पुढे पंधराव्या वर्षी त्यांच्या हातून दुसरी चोरी घडली. भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा त्यांनी काढला. ह्या वेळी मात्र त्यांनी निराळा मार्ग घेतला. सर्व अपराध चिठ्ठीवर लिहिला, शिक्षा मागितली, पुन्हा असे न करण्याची प्रतिज्ञा लिहिली आणि ती चिठ्ठी रुग्णशय्येवरील वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले आणि त्यांनी ती फाडून टाकली. जो ऐकण्यास अधिकारी आहे त्याच्यापुढे मोकळेपणी केलेली कबुली आणि तिच्यासोबत केलेली प्रतिज्ञा, हेच शुद्ध प्रायश्चित्त होय, असा निष्कर्ष गांधीजींनी त्यावरून काढला.

आपली शपथ का मोडते, ते येथे उलगडते. आपण देवापुढे मनातल्या मनात शपथ घेतो. देव सर्व जाणतो खरा, परंतु आपण त्याच्या मौनाचा फायदा घेतो. म्हणून व्रतास एक बोलका साक्षी हवा. ज्याच्या घामाच्या पैशातून किंवा आयुष्यातून आपण चोरी केली, असा साक्षी. माझ्या बाबतीत ती माझी धर्मपत्नी होती. खिशातील बंडल तिच्या पुढ्यात ठेवून मी म्हणालो, "अकरा वर्षे मी तुला फसविले." ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. वेलदोडे मीच आणीत होते." त्या एका वाक्याने जी लाज वाटली, ती शंभर प्रवचनांनी वाटली नव्हती. त्या दिवसापासून विडी हातात धरली नाही.

असे असले तरी केवळ लाजेवर विसंबू नये. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की, मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे. भगवंत ते नाकारीत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. त्यांतील अभ्यास म्हणजे काय, ते आपल्या विषयापुरते सांगतो.

एक दिवस निश्चित करावा आणि तो कागदावर लिहून साक्षीच्या हाती द्यावा. त्याच्या आदल्या रात्री घरातील, खिशातील, कामाच्या जागेवरील सर्व विड्या, सिगारेटी व आगपेट्या काढून टाकाव्या. तल्लफ उठली म्हणजे ती काही मिनिटेच टिकते, हे ध्यानात ठेवून तेवढा वेळ टाळावा : पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, जागा सोडून चालू लागावे, एक माळ नामस्मरण करावे. चहाच्या टपरीवर ज्या मंडळींच्या घोळक्यात विडी पेटते, तो घोळका पहिला महिनाभर सोडावा, रात्रपाळीच्या सोबत्यास स्पष्ट सांगावे, "मला देऊ नकोस." विडी सोडून तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्री धरणे म्हणजे एका सावकाराचे घर सोडून त्याच्या भावाच्या घरी जाणे होय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर तंबाखू चघळणारे वा तोंडात ठेवणारे २१.४ टक्के आढळले होते, हे माताभगिनींनीही लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगतो. कोणाच्याही साहाय्यावाचून सोडू पाहणाऱ्या शंभर जणांतून वर्षअखेर जेमतेम तीन ते पाचच टिकतात. म्हणून वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. निकोटीनची चघळण्याची गोळी असते, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधेही आहेत, आणि सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या १८००-११-२३५६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. औषध घेतल्याने व्रत खोटे होत नाही. देवांनाही अश्विनीकुमार हे वैद्य लागले. त्यांच्या नावाचा घाट आपल्या तापीकाठी आहे आणि तेथे स्मशान आहे. वैद्याचे नाव आपण चितेच्या वेळीच घ्यावे, असा काही नियम नाही!

"आता ह्या वयात काय उपयोग?" असे कोणी म्हणेल, त्यांनी हे ऐकावे. इंग्लंडमधील डॉक्टरांचे पन्नास वर्षे निरीक्षण करून २००४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास सुमारे दहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यासही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य लाभते. तीन वर्षे म्हणजे तीन आषाढी आणि तीन कार्तिकी.

आणि पुन्हा पाय घसरला तर? तर त्याच दिवशी साक्षीस सांगावे आणि त्याच दिवशी पुन्हा आरंभ करावा. व्रत एका विडीने मोडत नाही. ती लपविल्याने मोडते. वारकरी वाटेत ठेच लागून पडला तर घरी परतत नाही, उठून पुढे चालतो. भगवंतांनी त्याच सहाव्या अध्यायात आश्वासन दिले आहे की, कल्याणाच्या वाटेस लागलेल्याची दुर्गती होत नाही.

त्या गृहस्थांस मी त्या रात्री हेच सांगितले, आणि एवढेच अधिक सांगितले की, "मोडलेली शपथ घेऊनच गाभाऱ्यात जा. निर्मळ होऊन देवाकडे जावयाचे म्हटले, तर कोण जाऊ शकेल?" त्यांनी श्रावणातला पहिला सोमवार ठरविला. कागद पत्नीच्या हाती दिला. ती माउली म्हणाली, "मग माझी मिश्रीची डबीही त्याच दिवशी तापीला." डबी तापीत टाकू नये, नदीचे पाणी खाली पुष्कळ लोक पितात, एवढी दुरुस्ती मी केली. आज त्या दोघांचा चाळिसावा दिवस आहे. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ रात्री दोन वाजता कामावरून निघून देवळाच्या बंद दारापाशी येऊन बसले होते, असे त्यांनीच मला सांगितले. दार उघडेपर्यंत तल्लफ गेली होती. काकडआरतीस ते गाभाऱ्यासमोर उभे होते.

गीतेत सांगितलेला रस निवृत्त होण्याचा क्षण ह्याहून निराळा असेल असे मला वाटत नाही. ज्यास बाहेरच्या ओट्यावरून आत यावयाचे आहे, त्याने आज घरी गेल्यावर एक कागद घ्यावा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥